विद्युत मोटारगाडीचा पल्ला : मापन आणि भाकीत

गोषवारा

विद्युत मोटारगाडी एका चार्जिंगमध्ये किती अंतर जाईल याविषयी ग्राहकाला दोन आकडे दिले जातात. पहिला माहितीपत्रकातील प्रमाणित पल्ला आणि दुसरा गाडीच्या डॅशबोर्डवर सतत बदलत राहणारा उर्वरित पल्ला. हे दोन्ही आकडे प्रत्यक्ष प्रवासाशी जुळत नाहीत, अशी तक्रार भारतात तसेच अन्य देशांतही आढळते. या विसंगतीमागील भौतिक आणि संगणकीय कारणे प्रस्तुत लेखात मुंबई-पुणे मार्गाच्या आधारे स्पष्ट केली आहेत. डॅशबोर्डवरील पल्ला हे मापन नसून भाकीत आहे आणि ते मापनाच्या वेषात दाखविले जाते, हा लेखातील प्रमुख मुद्दा होय.

बीजशब्द : विद्युत मोटारगाडी, पल्ला, बॅटरी, ऊर्जाखप, प्रमाणन चाचणी

प्रस्तावना

कार्ब्युरेटरच्या काळातील अनेक मोटारसायकलींना इंधनाचा काटा नसे. टाकीखाली एक तोटी असे. गाडी आचके देऊ लागली की चालक चालत्या गाडीवरच हात खाली घालून ती फिरवीत असे. ‘गाडी रिझर्व्हला लागली’ हा वाक्प्रचार तेव्हापासून मराठीत रूढ आहे. त्या तोटीचा गुण असा, की ती कोणतेही भाकीत करीत नसे. टाकीच्या तळाशी ठरावीक पेट्रोल राखून ठेवलेले आहे, एवढीच वस्तुस्थिती ती सांगे. पुढचा हिशेब चालक आपल्या अनुभवावरून करी आणि तो बहुधा बरोबर येई.

विद्युत मोटारगाडीच्या पडद्यावर मात्र ‘१६२ कि. मी.’ असा थेट अंतराचा आकडा झळकतो. वरकरणी ही प्रगतीच आहे. परंतु इंधनाचा काटा टाकीत काय आहे हे दाखवितो, तर हा आकडा पुढे काय घडेल हे सांगतो. पहिले मापन आहे, दुसरे भाकीत. दोन्ही एकाच जागी, एकाच ठसठशीत अंकात दिसत असल्याने वापरणाऱ्याच्या मनात त्यांची गल्लत होते. विद्युत गाडी वापरणाऱ्या इंग्रजी भाषिकांनी या आकड्याला ‘गेस-ओ-मीटर’ म्हणजे अंदाजमापक असे थट्टेचे नाव दिले आहे. थट्टा असली तरी हे वर्णन तांत्रिकदृष्ट्या अचूक आहे.

पेट्रोल गाडीचे प्रत्यक्ष ‘ॲव्हरेज’ही कंपनीच्या आकड्यापेक्षा कमीच भरते आणि ते ग्राहकाने केव्हाच स्वीकारले आहे. मग विद्युत गाडीविषयीच इतकी तक्रार का, असा प्रश्न विचारला जातो. याचे उत्तर परिणामांच्या फरकात आहे. पेट्रोल गाडीचे ॲव्हरेज पंचवीस टक्क्यांनी घटले तर खिशाला चाट बसते. पंप पुढच्या वळणावर असतोच. विद्युत गाडीचा पल्ला तेवढाच घटला, तर ठरलेल्या ठिकाणी पोहोचणेच अनिश्चित होते.

प्रमाणित आकडा कोठून येतो

भारतात विकल्या जाणाऱ्या गाडीचा पल्ला प्रमाणित चाचणीने ठरतो. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया अर्थात ‘एआरएआय’ ही अशा चाचण्या घेणारी सर्वांत परिचित संस्था असल्याने ‘एआरएआयचा पल्ला’ असा शब्दप्रयोगच रूढ झाला आहे. ही चाचणी रस्त्यावर होत नाही. प्रयोगशाळेत गाडीची चाके चासी डायनामोमीटर या यंत्राच्या रुळांवर फिरवून, ठरवून दिलेल्या वेगाच्या आलेखाबरहुकूम ती ‘चालविली’ जाते. या आलेखाला मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल, संक्षेपाने एमआयडीसी, असे म्हणतात.

या आलेखाचे मूळ युरोपात १९७० च्या दशकात रूढ झालेल्या चाचणीत आहे. तो एकूण ११८० सेकंदांचा असून त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग शहरी वाहतुकीचा. त्यात कमाल वेग ताशी ५० कि. मी. आणि सरासरी वेग ताशी १९ कि. मी.च्या आसपास असतो. दुसरा भाग शहराबाहेरचा. त्यात वेग ताशी ९० कि. मी. पर्यंत जातो. वेगवाढ सावकाश, वेगघट सावकाश, चढ-उतार नाही, वारा नाही, आणि पल्ला मोजताना वातानुकूलन बंद. मे महिन्यात नागपूर किंवा जळगाव येथे काचा वर करून, वातानुकूलनाशिवाय गाडी चालविणारा चालक या चाचणीला अभिप्रेत आहे असे म्हणावे लागते. असा चालक मिळणे कठीण.

एकाच गाडीचे आकडे पद्धतीनुसार कसे बदलतात, याचे उत्तम उदाहरण टाटा कर्व्ह या ऑगस्ट २०२४ मध्ये बाजारात आलेल्या विद्युत गाडीचे आहे. तिच्या ५५ किलोवॅट-तास बॅटरीच्या प्रकाराचा पल्ला आरंभी ५८५ कि. मी. जाहीर झाला होता. पुढे शहरी व शहराबाहेरचा असे दोन्ही भाग मिळून आकडा देण्याची पद्धत आली, तेव्हा तोच पल्ला ५०२ कि. मी. झाला. याखेरीज कंपनीने ‘सी-७५’ या नावाने प्रत्यक्ष वापरातील अंदाज दिला, तो ४०० ते ४२५ कि. मी. आहे. गाडी तीच, बॅटरी तीच. तिन्ही आकडे आपापल्या व्याख्येनुसार खरे. पहिला आणि शेवटचा यांत दीडशे कि. मी. हून अधिक अंतर आहे, म्हणजे साधारण मुंबई ते पुणे एवढे. या गाडीच्या बाबतीत ते निदान उघडपणे छापले गेले, ही स्वागतार्ह गोष्ट होय.

अन्य देशांतील चाचण्या याहून कठोर आहेत. युरोपात सप्टेंबर २०१७ पासून नव्या गाड्यांना लागू झालेली डब्ल्यूएलटीपी ही चाचणी १८०० सेकंदांची, सुमारे २३ कि. मी. अंतराची असून तीत वेग ताशी १३१ कि. मी. पर्यंत नेला जातो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने वेगळी वाट धरली आहे. प्रयोगशाळेत मिळालेल्या पल्ल्याला सामान्यतः ०.७ ने गुणून मगच तो गाडीवरील पट्टीवर छापावा, असा तिचा संकेत आहे. अधिक चाचण्या करून वेगळा गुणक मिळविण्याची मुभा उत्पादकाला असते. प्रयोगशाळा आणि रस्ता यांत सुमारे तीस टक्क्यांची तफावत पडते, याची ही जणू शासकीय कबुलीच आहे.

पेट्रोल गाडीने लावलेली सवय

‘हायवेला ॲव्हरेज वाढतं’ हे महाराष्ट्रातील प्रत्येक चालकाला ठाऊक असलेले सत्य विद्युत गाडीला लागू पडत नाही. किंबहुना तेथे नेमके उलट घडते. पल्ल्याच्या अपेक्षाभंगाचे हे एक मोठे आणि क्वचितच सांगितले जाणारे कारण आहे.

पेट्रोल इंजिन इंधनातील ऊर्जेचा मोठा हिस्सा उष्णतेच्या रूपाने वाया घालविते. हा अपव्यय हलक्या भारावर, म्हणजे शहरातील रखडत्या वाहतुकीत, सर्वाधिक असतो. महामार्गावर हवेचा विरोध वाढतो हे खरे, पण इंजिनावर पुरेसा भार आल्याने त्याची कार्यक्षमताही वाढते आणि हवेचा वाढीव विरोध त्यात झाकला जातो. विद्युत मोटर मात्र बहुतेक सर्व वेगांना सारख्याच उच्च कार्यक्षमतेने चालते. तिच्याकडे झाकण्याजोगा अपव्ययच नाही. त्यामुळे रस्त्याचा प्रत्येक चढ, हवेचा प्रत्येक झोत आणि चालकाच्या पायाचा प्रत्येक दाब थेट बॅटरीच्या हिशेबात दिसतो.

हे आकड्यांत पाहणे उपयुक्त ठरेल. एक किलोवॅट-तास म्हणजे घरच्या वीजबिलावरील एक युनिट. पुढे तोच शब्द वापरला आहे. माणसे व सामानासह १७०० किलो वजनाची, ३० युनिटांची बॅटरी असलेली एक मध्यम आकाराची गाडी कल्पिली आणि टायरचा व हवेचा विरोध यांची सर्वसाधारण मूल्ये धरून, मोटर व बॅटरीतील १५ टक्के घट गृहीत धरली, तर सपाट रस्त्यावर स्थिर वेगाने पुढील हिशेब येतो. ताशी ५० कि. मी. वेगाला प्रत्येक किलोमीटरला ०.०८५ युनिट लागते. पल्ला साधारण ३५० कि. मी. ताशी ८० ला ०.१३ युनिट, पल्ला सुमारे २२५ कि. मी. ताशी १०० ला जवळजवळ ०.१८ युनिट, पल्ला १७० कि. मी. वेग दुप्पट झाला, पल्ला निम्म्यावर आला. याचे कारण असे, की टायरचा विरोध वेगाबरोबर फारसा बदलत नाही, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हा हिशेब ठोकताळ्याचा आहे; कोणत्याही विशिष्ट गाडीचा नाही. तथापि त्यातील प्रमाण कोणत्याही गाडीला थोड्याफार फरकाने लागू पडेल.

वातानुकूलनाचा प्रकार आणखी निराळा आहे. ते अंतरागणिक नव्हे, तर तासागणिक वीज खाते. दीड किलोवॅट भार धरला तर ताशी ८० कि. मी. वेगाने जाताना किलोमीटरमागे ०.०२ युनिटही जात नाही. परंतु संध्याकाळच्या कोंडीत ताशी १५ कि. मी. वेगाने सरकणाऱ्या गाडीत तोच भार किलोमीटरमागे ०.१ युनिट घेतो. गाडी स्थिर गतीने पुढे सरकविण्यास लागणाऱ्या विजेपेक्षाही जास्त. शहरी वाहतूक विद्युत गाडीला मानवते हे विधान म्हणूनच अर्धवट आहे. काचा खाली असतील तर ते खरे.

बॅटरीत किती उरले आहे

उर्वरित पल्ला काढण्यासाठी गाडीला दोन राशी लागतात : बॅटरीत उरलेली ऊर्जा आणि पुढील प्रत्येक किलोमीटरचा खप. यांपैकी पहिली तरी नक्की ठाऊक असेल, असा सामान्य समज असतो. तोही पूर्णतः खरा नाही.

पेट्रोलच्या टाकीत तरंगता गोळा सोडून पातळी पाहता येते. बॅटरीत पाहण्याजोगी पातळी नसते. उरलेली ऊर्जा अप्रत्यक्ष खुणांवरून ताडावी लागते. एक मार्ग म्हणजे बॅटरीत आलेल्या व गेलेल्या विद्युतप्रवाहाची सतत नोंद ठेवणे. बँकेच्या पासबुकासारखी ही जमाखर्चाची पद्धत आहे. प्रत्येक नोंदीत अत्यल्प चूक राहते आणि ती साठत जाते, म्हणून अधूनमधून ताळा घ्यावा लागतो. हा ताळा बॅटरीच्या व्होल्टेजवरून घेतला जातो, कारण बॅटरी रिकामी होत जाईल तसतसे व्होल्टेज उतरते.

अडचण अशी, की ते सर्व बॅटऱ्यांत सारखे उतरत नाही. टाटा नेक्सॉनसह भारतातील अनेक विद्युत गाड्यांत वापरली जाणारी लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी टिकाऊ आणि तुलनेने सुरक्षित आहे, परंतु तिचे व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ स्थिर राहते. घरातील गॅस सिलिंडरशी याची तुलना करता येईल. सिलिंडरमध्ये द्रव गॅस शिल्लक असेपर्यंत आतील दाब तापमानानुसार तोच राहतो. शेगडीची ज्योत पाहून सिलिंडर अर्धा आहे की पाव, हे सांगता येत नाही. म्हणूनच तो नेमका पाहुणे आले असताना संपतो. फॉस्फेट बॅटरीचे व्होल्टेज तसेच काहीसे वागते. टोके सोडली तर ते फारशी माहिती देत नाही. अशा गाड्या अधूनमधून शंभर टक्के चार्ज कराव्यात असा सल्ला उत्पादक देतात, त्याचे एक कारण हेच : वरच्या टोकाला व्होल्टेज स्पष्ट बोलते आणि जमाखर्चाचा ताळा घेता येतो. रोज चाळीस ते सत्तर टक्क्यांच्या दरम्यान गाडी वापरणाऱ्याच्या डॅशबोर्डवरील टक्केवारी हळूहळू वस्तुस्थितीपासून सरकू शकते आणि त्याचा पत्ता लागतो तो एकदम, एखाद्या लांबच्या प्रवासात.

यात तापमान आणि वय यांची भर पडते. थंडीत बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, तर वर्षागणिक तिची क्षमता घटते. ‘शंभर टक्के’ म्हणजे शंभर टक्के कशाचे, नव्या बॅटरीचे की आजच्या, हे डॅशबोर्ड सहसा सांगत नाही. त्याशिवाय शून्य टक्क्यांखाली थोडी ऊर्जा राखून ठेवण्याची रीत आहे. जुन्या मोटारसायकलीचे रिझर्व्हच ते, पण तोटी चालकाच्या हाती नाही आणि रिझर्व्ह किती हेही त्याला ठाऊक नाही.

खंडाळ्याच्या घाटात

दुसरी राशी, पुढील खप, ही तर भविष्यातील गोष्ट. ती काढण्याची सर्वांत सोपी पद्धत म्हणजे नुकत्याच झालेल्या प्रवासाचा सरासरी खप पुढेही तसाच राहील असे धरणे. अनेक गाड्या कमीअधिक फरकाने असेच करतात. ही पद्धत किती चकवू शकते, हे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर फार स्पष्टपणे दिसते, कारण येथे सपाटी, घाट आणि पुन्हा पठार असे तीन वेगळे रस्ते एकाच प्रवासात येतात.

वर कल्पिलेली ३० युनिटांची गाडी कळंबोलीहून पूर्ण चार्ज करून निघाली आणि वातानुकूलन चालू ठेवून ताशी ८० कि. मी. वेगाने खोपोलीपर्यंतचे सुमारे ३८ कि. मी. अंतर तिने कापले, असे समजू. किलोमीटरमागे ०.१५ युनिट या दराने ५.७ युनिटे खर्च होतील आणि २४.३ उरतील. डॅशबोर्ड १६२ कि. मी. दाखवील. पुणे शहर तेथून ऐंशी कि. मी. आहे. प्रवासी निश्चिंत.

पुढे घाट लागतो. खोपोली ते लोणावळा या सुमारे १५ कि. मी. अंतरात रस्ता साडेपाचशे मीटर वर चढतो. १७०० किलो वजन एवढ्या उंचीवर नेण्यास केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अडीच युनिटे लागतात. मोटर व बॅटरीतील घट धरून तीन. म्हणजे बॅटरीचा दहावा हिस्सा. त्यात रस्त्याचा, हवेचा आणि वातानुकूलनाचा खर्च मिळवला की घाटाचा एकूण खप साधारण ४.७ युनिटे होतो. लोणावळ्यास १९.६ युनिटे उरतील.

आता डॅशबोर्ड काय दाखवील? ते त्याची ‘स्मृती’ किती लांब ठेवली आहे, यावर अवलंबून आहे. त्याने मागील १५ कि. मी. ची सरासरी धरली, तर केवळ ६३ कि. मी. मागील ५० कि. मी. ची धरली, तर ९८. प्रत्यक्षात पुढचे पठार त्याच वेगाने कापल्यास सुमारे १३० कि. मी. जाता येईल. एकच गाडी, एकच क्षण, तेवढीच वीज. पुणे लोणावळ्याहून साधारण ६५ कि. मी. असल्याने पहिल्या आकड्यावर विश्वास ठेवणारा प्रवासी घाबरून चार्जरच्या रांगेत उभा राहील, तर दुसऱ्या आकड्याचा प्रवासी चिक्की घेऊन पुढे निघेल. वस्तुतः दोघांच्या बॅटरीत अणुमात्र फरक नाही.

परतीचा प्रवास अधिक बोधक आहे. उतारावर मोटर जनित्रासारखी चालून बॅटरीत वीज परत भरते. वरच्याच गृहीतकांनुसार घाट उतरून आलेल्या गाडीने वीज खर्च केलेलीच नसते, उलट अर्धे-पाऊण युनिट कमावलेले असते. खोपोलीस पोहोचताना बॅटरीत २० युनिटे असतील आणि डॅशबोर्डची स्मृती ५० कि. मी. ची असेल, तर तो २१० कि. मी. च्या वर आकडा दाखवील. सपाटीवर प्रत्यक्षात मिळतील १३० च्या आसपास. चढताना भाकीत वस्तुस्थितीपेक्षा कमी आले, उतरताना जास्त. लोकांच्या तक्रारी पहिल्याविषयी अधिक असतात, कारण आकडा डोळ्यांदेखत कोसळताना दिसतो. पण धोका दुसऱ्यात आहे. निराशावादी डॅशबोर्ड फार तर अर्धा तास वाया घालवितो. आशावादी डॅशबोर्ड रस्त्यात उभे करू शकतो.

येथे एक गंमत नोंदविण्यासारखी आहे. लोणावळ्यात मुक्काम करून, गाडी शंभर टक्के चार्ज करून जो सकाळी घाट उतरतो, त्याला उताराची वीज मिळतच नाही. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज भरण्यास जागा नसल्याने गाडी ती सोय मर्यादित करते. नव्वद टक्क्यांवर निघालेला शेजारी घाटाच्या पायथ्याशी त्याला काही अंशी गाठतो.

रोजच्या वापरातही हीच स्मृती घोटाळे करते. सकाळी गाडी सुरू करताच दिसणारा आकडा आजच्या प्रवासाचा नसून कालच्या चालकाचा असतो. रविवारी मुलाने महामार्गावर पळविलेली गाडी सोमवारी वडिलांना कमी पल्ला दाखविते, आणि बॅटरी बिघडली की काय, अशी शंका घरात निघते.

आकडा, शासन आणि न्यायालय

पल्ल्याचा प्रश्न भारतात शासकीय पातळीवर गाजला तो मार्च २०२१ मध्ये. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीचा प्रमाणित पल्ला ३१२ कि. मी. होता. प्रत्यक्षात त्याहून पुष्कळच कमी पल्ला मिळतो, या ग्राहकाच्या तक्रारीवरून दिल्ली शासनाच्या परिवहन विभागाने या गाडीवरील अनुदान स्थगित केले. प्रमाणित पल्ला हा ठरवून दिलेल्या स्थितीतील चाचणीचा असून प्रत्यक्ष पल्ला वापरावर अवलंबून असतो, अशी कंपनीची भूमिका होती. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने स्थगितीच्या आदेशाला अंतरिम मनाई दिली. कायद्याच्या दृष्टीने कंपनीची बाजू समजण्यासारखी आहे. तिने चाचणीत मिळालेला आकडाच छापला होता. परंतु ग्राहकही खोटे बोलत नव्हता. दोष आकड्यात नव्हता, तर ज्या प्रश्नाचे तो उत्तर आहे तो प्रश्न कोणी विचारलेलाच नव्हता, यात होता.

दक्षिण कोरियात निकाल वेगळा लागला. तेथील व्यापार आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये टेस्ला कंपनीला सुमारे २८५ कोटी वॉनचा दंड ठोठावला. थंड हवामानात गाडीचा पल्ला जाहिरातीतील आकड्यापेक्षा ५०.५ टक्क्यांपर्यंत घटतो, हे ग्राहकांना सांगितले नाही, असा आयोगाचा आक्षेप होता. आकडा चुकीचा असल्यापेक्षा त्याची मर्यादा दडविल्याला येथे अधिक महत्त्व दिले गेले, हे विशेष.

थंडीचा परिणाम एवढा मोठा का, हे अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या २०१९ मधील चाचणीवरून कळते. पाच गाड्यांवर घेतलेल्या या चाचणीत उणे ७ अंश सेल्सिअसच्या सुमारास हीटर चालू असताना पल्ला सरासरी ४१ टक्क्यांनी घटला. हीटर बंद ठेवला तेव्हा घट केवळ १२ टक्के होती. म्हणजे मुख्य खर्च बॅटरीच्या गारठण्याचा नाही, माणसांना ऊब देण्याचा आहे. पेट्रोल गाडीत ही ऊब इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेतून फुकट मिळते. ३५ अंश तापमानात वातानुकूलनासह घट १७ टक्के आढळली. महाराष्ट्राच्या दृष्टीने हा दुसरा आकडा महत्त्वाचा, आणि विदर्भातील उन्हाळा ३५ अंशांवर थांबत नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

डॅशबोर्डच्या आकड्यावरही वाद झालेला आहे. रॉयटर्स वृत्तसंस्थेने जुलै २०२३ मध्ये माहितगाराच्या हवाल्याने दिलेल्या शोधवृत्तानुसार, टेस्लाच्या गाड्यांत पूर्ण चार्ज असताना मुद्दाम आशावादी पल्ला दिसावा आणि बॅटरी निम्म्याखाली गेली की आकडा वास्तवाकडे यावा, अशी योजना सुमारे दशकभरापूर्वी केली गेली होती. हे आरोप वृत्तातील आहेत, एवढे स्पष्ट केले पाहिजे. मात्र असे करणे शक्य आहे, हीच मूळ अडचण आहे. तरंगता गोळा खोटे बोलू शकत नाही. गणनसूत्र कोणाच्या तरी निर्णयाने लिहिलेले असते.

आकडा कसा दाखवावा

भाकीत सुधारण्याचे तांत्रिक मार्ग आहेत आणि ते वापरात येत आहेत. नकाशावर गंतव्यस्थान भरले तर गाडीला पुढील चढ-उतार, वेगमर्यादा, वाहतूक आणि तापमान ही सर्व माहिती मिळू शकते. अशी गाडी खोपोलीस असतानाच घाटाची तीन युनिटे हिशेबात घेईल आणि लोणावळ्यास तिचा आकडा कोसळणार नाही. येथे आकड्याचे स्वरूपही बदलते : ‘अजून किती कि. मी.’ याऐवजी ‘पुण्यास पोहोचाल तेव्हा बॅटरी इतके टक्के’. ही भाषा अधिक प्रामाणिक आहे, कारण चूक पडत असेल तर ती वाटेतच, टक्क्याटक्क्याने दिसत जाते आणि वेग कमी करण्यास अवधी मिळतो.

अनुभवी चालक आपल्या परीने हेच करतात. अंतराचा आकडा बंद करून ते केवळ टक्केवारी पडद्यावर ठेवतात आणि एका टक्क्यात आपल्या रस्त्यावर किती किलोमीटर होतात, हे पाठ करून ठेवतात. एका अर्थाने ही रिझर्व्हच्या तोटीकडे परतण्याची रीत आहे. यंत्राने वस्तुस्थिती सांगावी, भाकीत माणूस करील.

याहून सरळ उपाय म्हणजे एकच आकडा देऊ नये. शेवरोले कंपनीच्या बोल्ट या विद्युत गाडीच्या डॅशबोर्डवर तीन आकडे एकाखाली एक दिसत : सर्वाधिक, अपेक्षित आणि किमान. हवामान खाते पावसाची शक्यता टक्क्यांत सांगते, ते लोकांना कळते. पल्ल्याचा पट्टाही कळेल. विक्रीच्या दृष्टीने मात्र तो गैरसोयीचा आहे. ‘५०२’ हा आकडा फलकावर शोभतो. ‘२८० ते ४५०, तुमच्या पायावर व हवामानावर अवलंबून’ हे शोभत नाही.

‘सी-७५’ हा भारतीय प्रयोग या दिशेने पडलेले पाऊल आहे. पंचाहत्तर टक्के ग्राहकांना जो पल्ला मिळणे अपेक्षित आहे तो, असा त्याचा अर्थ कंपनीने दिला आहे. हे विधान संख्याशास्त्रीय आहे. त्यात उरलेले पंचवीस टक्के गृहीतच आहेत. हे पंचवीस टक्के कोण, याचा अंदाज वरील हिशेबावरून करता येतो : महामार्गावर ताशी शंभरने जाणारे, घाटाखाली राहून घाटावर कामाला जाणारे, आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता चंद्रपुरातील सिग्नलवर काचा बंद करून थांबलेले.